बद्द वाजण्याआधी

(आकाशवाणीवर सादर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उन्हाळा लागला की आमच्या गावच्या बाजारात कुंभार माठ घेऊन बसायचे. लहानपणी अम्माबरोबर मी माठ आणायला जायचो. अम्मा एकेक माठ हातात घ्यायची, कानाजवळ न्यायची आणि बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी हलकेच वाजवायची. खणखणीत आवाज आला तर माठ आमच्याबरोबर घरी यायचा. बद्द आवाज आला तर तो मुकाट्यानं परत रांगेत जायचा. कुंभारही वाद घालायचा नाही. चीर डोळ्यांना दिसत नव्हती, पण ती आहे हे त्या आवाजावरून दोघांनाही कळलेलं असायचं.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचं नाव जरा लांबलचक आहे. नाव ऐकून कृपा करून रेडिओ बंद करू नका. इलेक्ट्रोकेमिकल इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपी. मराठीत म्हणायचं तर विद्युत-रासायनिक संरोध वर्णपटमापन. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर कविता लिहिणाऱ्या माणसानं यावर बोलावं, हे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. ओहमच्या नियमाशी माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली आणि ती काही फारशी प्रेमाची नव्हती. पण एका घटनेनं मला या विषयाच्या दारात नेऊन उभं केलं. आधी ती घटना सांगतो.

आमच्या खाडीकाठच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत आरसीसीची, दुमजली, चाळीस वर्षांपूर्वीची. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आणि तिला पुढच्या बाजूनं गॅलरी. परीक्षेच्या दिवसांत मुलं रात्री उशिरापर्यंत या गॅलरीत बसून अभ्यास करतात, कारण तिथं खाडीवरचा वारा येतो. मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीचा सभासद आहे. काही वर्षांपूर्वी गॅलरीच्या स्लॅबला खालच्या बाजूनं तपकिरी डाग दिसू लागले. एक-दोन ठिकाणी गिलाव्याच्या खपल्या निघाल्या. बैठकीत विषय आला. एकानं सुचवलं, इंजिनिअर बोलावून तपासणी करून घेऊ. दुसरा म्हणाला, तपासणीत पैसे घालवण्यापेक्षा गिलावा आणि रंग करू, निदान डोळ्यांना तरी दिसेल. ठराव रंगाचा झाला. ठरावाखाली ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत माझीही आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैमधल्या एका पहाटे, गॅलरीचा एक कोपरा खाली आला. वेळ पहाटेची होती म्हणून खाली कोणी नव्हतं आणि वरही कोणी नव्हतं. सकाळी आम्ही जाऊन पाहिलं. पडलेल्या तुकड्यांना नवा, स्वच्छ, फिकट पिवळा रंग होता आणि आत सळईच्या जागी पापुद्र्यांचा लाल भुगा. एक सळई तर मी बोटांनी मोडली. ते बोटांना झालेलं ज्ञान अजून विसरता येत नाही.

माझी भाची त्या सुमारास सुट्टीवर आली होती. ती विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते आणि तिचा विषय नेमका हाच, धातूचा पृष्ठभाग आणि त्यावर चालणाऱ्या घडामोडी. तिनं पडलेल्यातला एक मोठा तुकडा उचलला, हातोडीनं मधोमध फोडला आणि फोडलेल्या ताज्या बाजूवर एका बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण फवारलं. आमच्या डोळ्यांदेखत तुकड्याचा आतला भाग गडद गुलाबी झाला. बाहेरचा दोन बोटांचा भाग मात्र होता तसाच राखाडी राहिला. ते द्रावण फिनॉल्फथॅलिनचं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं. "मामू," ती म्हणाली, "गुलाबी आहे तिथं सिमेंट अजून लोखंडाला सांभाळतंय. राखाडी आहे तिथं त्यानं हात वर केलेत. आणि तुमच्या सळया सगळ्या राखाडी भागात आहेत."

सिमेंट लोखंडाला सांभाळतं म्हणजे काय, हे आधी पाहू. उघड्यावर टाकलेली सळई एका पावसात गंजते. तीच सळई चांगल्या काँक्रीटमध्ये अनेक दशकं शाबूत राहते. याचं कारण काँक्रीट तिला हवेपासून पूर्ण झाकतं, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. काँक्रीट स्पंजासारखं सच्छिद्र असतं आणि त्याच्या बारीक छिद्रांत पाणी असतं, ऑक्सिजनही पोहोचतो. पण ते पाणी कमालीचं अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर तयार होतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा डोळ्यांना न दिसणारा पडदा जोवर धड आहे, तोवर सळई सुखरूप.

या पडद्याचे दोन शत्रू आहेत. पहिला, हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि त्यातला अल्कधर्म संपवतो. पीएच नऊच्या खाली उतरला की फिनॉल्फथॅलिन गुलाबी होत नाही आणि पडदाही टिकत नाही. दुसरा शत्रू आपल्या किनाऱ्यावर रोजचा, तो म्हणजे मीठ. खाऱ्या वाऱ्यातून, तुषारांतून, कधी नीट न धुतलेल्या वाळूतून क्लोराइड आत शिरतं आणि पडद्याला जागोजागी भोकं पाडतं. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटमध्ये तेवढी जागा नसते. मग ते फुटतं. केसाच्या जाडीहूनही कमी लोखंड खाल्लं गेलं, तरी वरच्या आवरणाला पहिली चीर पडू शकते. चीर पडली की पाणी, मीठ आणि हवा यांना सरळ रस्ताच मिळतो.

म्हणून सळईवर काँक्रीटचं आवरण किती जाड, याला एवढं महत्त्व आहे. आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकात सौम्य हवामानासाठी किमान २० मिलिमीटर आणि तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. आमची गॅलरी त्याआधीची. तिच्यात आवरण होतं जेमतेम बोटभर रुंदीचं.

हा प्रश्न एका गॅलरीपुरता नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुरती वीस वर्षंही त्याला मिळाली नाहीत. मी तेव्हा शाळकरी होतो; गोव्यात नातलग असलेली आमच्या गावातली माणसं दिवसभर त्याच गोष्टी करत होती. त्या पुलाच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंज लागला होता. वरून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला पोटातलं काय दिसणार?

तर प्रश्न असा की, आत चाललेलं बाहेरून कसं कळावं? ते फुटल्यावर कळून उपयोग नाही, आणि कळावं म्हणून आपण ते फोडायचं, तेही शहाणपणाचं नाही.

काही उपाय जुने आणि चांगले आहेत. गवंडी हातोडीनं ठोकून पाहतो आणि बद्द आवाज आला की समजतो, आतून पोपडा सुटलाय. पण तोवर उशीर झालेला असतो. इंजिनिअर आणखी एक गोष्ट करतात. काँक्रीटवर तांबं आणि मोरचूद यांचा एक प्रमाण इलेक्ट्रोड टेकवतात आणि आतल्या सळईचा विद्युत दाब मोजतात. हा दाब उणे २०० मिलिव्होल्टच्या आत असेल, तर गंज चालू नसण्याची शक्यता नव्वद टक्के. उणे ३५०च्या पलीकडे गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के. मधलं सगळं संशयास्पद. ही चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि उपयोगी आहे. पण ती फक्त शक्यता सांगते. ताप आहे की नाही हे कळतं, रोग किती वेगानं पसरतोय हे कळत नाही. गंज वर्षाला किती लोखंड खातोय, म्हणजे आपल्या हातात दोन वर्षं आहेत की वीस, हे जाणून घ्यायचं तर त्या पृष्ठभागाशीच बोलावं लागतं. संरोधमापन म्हणजे ते बोलणं.

पुढच्या महिन्यात भाचीनं मला तिची प्रयोगशाळा दाखवली. टेबलावर खाऱ्या पाण्याच्या दोन भांड्यांत सिमेंटचे दोन ठोकळे ठेवले होते. एकाच दिवशी ओतलेले, आत एकाच सळईचे तुकडे घातलेले. फरक एवढाच की एक ठोकळा गोड्या पाण्यात कालवलेला आणि काही दिवसांपूर्वीच खाऱ्या पाण्यात ठेवलेला. दुसऱ्यात कालवतानाच मीठ घातलेलं. "सांगा मामू, यातला आजारी कोणता?" मी दोन्ही ठोकळे पाहिले. मग तिच्या परवानगीनं बाहेर काढून अम्मासारखे बोटाच्या पेरानं वाजवून पाहिले. दोन्ही सारखेच वाजले. मी हरलो.

मग तिनं यंत्र सुरू केलं. सळईला एक तार जोडलेली. भांड्यात दुसरा इलेक्ट्रोड, स्टीलच्या जाळीचा, प्रवाह पोहोचवण्यासाठी. तिसरा एक संदर्भ-इलेक्ट्रोड, जो स्वतः काहीच करत नाही, फक्त साक्षीदारासारखा स्थिर उभा राहतो, म्हणजे सळईचा दाब कशाच्या तुलनेत मोजायचा ते ठरतं. या सळईला यंत्र एक बारीकसा प्रत्यावर्ती दाब देतं, म्हणजे मागेपुढे झुलणारा. किती बारीक? दहा मिलिव्होल्ट. आपल्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या दीडशेव्या भागाएवढा. "मोठा धक्का दिला तर सळई उत्तर देईल," ती म्हणाली, "पण ते उत्तर धक्क्याचं असेल, सळईचं नसेल. पृष्ठभागच बदलून जाईल." मला पुन्हा अम्माचं बोटाचं पेर आठवलं. माठाला दगडानं ठोकून कोणी पाहत नाही.

आता मुख्य गोष्ट. हा झोका यंत्र एकाच वेगानं देत नाही. आधी सेकंदाला एक लाख वेळा, मग दहा हजार, मग हजार, असं उतरत उतरत शेवटी शंभर सेकंदांत एकच झोका. प्रत्येक वेगाला सळईतून किती प्रवाह गेला आणि तो दाबाच्या किती पुढेमागे चालला, याची नोंद होते. साध्या रोधाला घाईशी देणंघेणं नसतं. हळू विचारा की भरभर, त्याचं उत्तर तेच. पण पृष्ठभागाचं उत्तर विचारण्याच्या वेगाप्रमाणे बदलतं. वेगाप्रमाणे बदलणारा हा जो विरोध, त्याला म्हणायचं संरोध.

असं का होतं, हे मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. आपल्याकडचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसदार. घाईत आलेला माणूस पडवीतच दोन शब्द बोलून परततो; त्याला घराचा बाहेरचा रंगच काय तो दिसतो. जरा टेकणारा ओटीपर्यंत येतो. निवांत बसणाऱ्याला माजघरातलं भांडण ऐकू येतं आणि मुक्कामाला राहणाऱ्याला स्वयंपाकघरातल्या डब्यात किती तांदूळ उरलेत तेही कळतं. सेकंदाला लाख झोक्यांचा प्रश्न हा घाईतला पाहुणा. तो सिमेंटच्या ओलाव्यातून जातो आणि परत येतो. त्याच्याकडून कळतं फक्त काँक्रीट किती ओलं, किती खारं.

हळू विचारलेला प्रश्न सळईच्या उंबरठ्याशी पोहोचतो. हा उंबरठा मोठा मजेदार आहे. धातू आणि पाणी जिथं भेटतात तिथं धातूच्या बाजूला एक विद्युतभार गोळा होतो आणि पाण्याच्या बाजूला त्याच्या विरुद्ध भाराचे आयन रांगेनं उभे राहतात. दोघांत अंतर एका नॅनोमीटरपेक्षाही कमी. या दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात मांडली. हा थर म्हणजे निसर्गानं केलेला कंडेन्सरच, जुन्या रेडिओत असायचा तसा. प्रश्न भरभर आला तर हा कंडेन्सर नुसताच भरतो आणि रिकामा होतो. उंबरठा ओलांडून कोणीच जात नाही. प्रश्न सावकाश आला की कंडेन्सर भरून जातो आणि मग खरी परीक्षा होते. लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून उंबरठा ओलांडतो का, आणि किती सहज ओलांडतो? हे ओलांडणं म्हणजेच गंज. सहज ओलांडत असेल तर रोध कमी आणि गंज जोरात. ओलांडता येत नसेल तर रोध मोठा आणि सळई सुखरूप.

त्याहूनही सावकाश विचारलं, तर कधी कधी आणखी मागचं कळतं. उंबरठ्याशी लागणारा ऑक्सिजन काँक्रीटच्या छिद्रांतून किती रखडत येतोय, हेही आलेखावर उमटतं.

संगणकाच्या पडद्यावर एकेक ठिपका पडू लागला. प्रत्येक ठिपका एका वेगाचा. सुरुवातीचे ठिपके भराभर आले, शेवटचे यायला मिनिटं लागू लागली. भाचीनं चहा मागवला. "यात घाई चालत नाही," ती म्हणाली. चहा संपेपर्यंत पडद्यावर दोन आकृत्या तयार झाल्या होत्या. एका ठोकळ्याचे ठिपके वळून खाली आले होते आणि त्यांची एक छोटी कमान झाली होती. दुसऱ्याचे ठिपके जवळजवळ सरळ वर चढत गेले होते. त्यांची कमान एवढी मोठी की सगळ्यांत सावकाश प्रश्नानंतरही ती पुरी झाली नाही. छोटी कमान मिठाच्या ठोकळ्याची. ज्या दोन ठोकळ्यांत माझ्या बोटाला फरक कळला नव्हता, ते आता दोन वेगळ्या गावचे असावेत इतके वेगळे दिसत होते.

कमानीची रुंदी म्हणजे उंबरठ्यावरचा रोध. त्यावरून गंजाचा वेग काढण्याचं एक साधं सूत्र आहे, स्टर्न आणि गिअरी या दोघांनी १९५७ साली दिलेलं. गंजत्या सळईसाठी २६ मिलिव्होल्टला त्या रोधानं भागायचं. समजा, रोध चौरस सेंटीमीटरच्या हिशेबानं २६ हजार ओहम निघाला. भागाकार येतो एक मायक्रोअँपिअर. आकडा किती किरकोळ! पण चौरस सेंटीमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे १२ मायक्रोमीटर लोखंड गेलं. केसाच्या जाडीएवढं लोखंड जायला सहा-सात वर्षं पुरतात, आणि चीर त्याआधीच पडते. तोच रोध दहा पट, म्हणजे दोन लाख साठ हजार ओहम असता, तर वेग एक दशांश मायक्रोअँपिअरवर येतो. एवढा वेग इंजिनिअर नगण्य धरतात.

हे सगळं एका माणसाचं काम नाही. 'इम्पीडन्स' हा शब्द १८८६ साली ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज माणसानं दिला. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे तारखात्यात नोकरी केली, ऐकू कमी येई, बाकीचं सगळं गणित त्यानं घरी बसून स्वतः शिकून घेतलं. त्याच्या मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे मोठे शास्त्रज्ञ होते, एवढाच त्याचा आधार. पदवी नसलेल्या माणसानं शोधलेला शब्द आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालतो, याचं माझ्यासारख्या बी.ए.वाल्याला फार अप्रूप वाटतं. १८९९ साली जर्मनीत एमिल वारबुर्ग यांनी, पाण्यातून रखडत येणाऱ्या आयनांमुळे संरोध वेगाप्रमाणे कसा बदलतो, ते गणितानं दाखवलं. आलेखावर त्याची ४५ अंशांची तिरकी रेघ उमटते आणि अजूनही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. १९४७ साली इंग्लंडमध्ये रँडल्स यांनी उंबरठा, कंडेन्सर आणि ही रखडपट्टी या सगळ्यांचं मिळून एक साधं विद्युतमंडल सुचवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरच्या संशोधकांनी हीच पद्धत काँक्रीटमधल्या सळईला लावून पाहिली. आज मोबाइलच्या बॅटरीपासून जहाजाच्या रंगापर्यंत आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या आतल्या लेपापर्यंत अनेक ठिकाणी असाच हलका, सावकाश प्रश्न विचारला जातो.

हे ऐकून मी उत्साहानं भाचीला म्हणालो, "मग हे यंत्र आमच्या वाचनालयात आण. एका दिवसात निकाल लागेल." तेव्हा तिनं मला जे सांगितलं, ते मला यंत्रापेक्षाही महत्त्वाचं वाटलं.

ती म्हणाली, प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यात सळईचं क्षेत्रफळ मला ठाऊक आहे. तुमच्या स्लॅबमध्ये सळया एकमेकींना बांधलेल्या आहेत. माझा झोका किती अंतरापर्यंत पसरला, हे नक्की कळत नाही. क्षेत्रफळच माहीत नसेल तर वेगाचा आकडा फसवा ठरतो. सावकाश मोजमाप चालू असताना ऊन तापलं, सर आली, तर सळईची अवस्थाच बदलते आणि सुरुवातीचे ठिपके एका सळईचे, शेवटचे जणू दुसऱ्याच सळईचे होतात. म्हणून प्रत्यक्ष इमारतीवर बहुधा याच विचाराची सोपी, चटकन होणारी मापनं करतात, आणि त्यांच्या जोडीला दाबाची चाचणी, फिनॉल्फथॅलिन, क्लोराइडचं प्रमाण, आवरणाची जाडी हे सगळं पाहतात. संरोधमापनाचा खरा उपयोग प्रयोगशाळेत. कोणतं सिमेंट खाऱ्या हवेत टिकेल, कोणता लेप सळईला सांभाळेल, कोणतं रसायन गंज खरोखर थोपवतं आणि कोणतं नुसतं जाहिरातीत थोपवतं, हे तिथं ताडून पाहता येतं, ठोकळा न फोडता, महिनोन्‌महिने.

आणि आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. पडद्यावरच्या ठिपक्यांवरून संगणक एक विद्युतमंडल जुळवतो, इतके रोध, इतके कंडेन्सर. पण त्याच ठिपक्यांना दोन-तीन वेगवेगळी मंडलं सारखीच छान बसू शकतात. त्यातलं खरं कोणतं, हे एकटा आलेख सांगू शकत नाही. "आलेख जुळला म्हणजे कारण कळलं, असं नसतं मामू. दुसरा पुरावा शोधावाच लागतो. सळई काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, गंजाचं रसायन तपासावं लागतं." कवितेच्या बाबतीत हे मला ठाऊक होतं. एकाच ओळीला तीन अर्थ सारखेच छान बसतात आणि त्यातला एखादा कवीच्या मनातही नसतो. पण कवितेचा अर्थ चुकला तर छत पडत नाही.

श्रोतेहो, गावी परतल्यावर आम्ही रीतसर तपासणी करून घेतली. गॅलरीचा उरलेला भाग पाडावा लागला. वरच्या मजल्याच्या दोन तुळयांवरचं काँक्रीट काढून सळया साफ केल्या, काही बदलल्या, पुन्हा जाड आवरण दिलं. खालचा मजला मात्र बराच ठीक निघाला. फिनॉल्फथॅलिन फवारलं तेव्हा तिथली गुलाबी रेघ सळईच्या बरीच बाहेर होती. ती गुलाबी रेघ पाहून आमच्या खजिनदारांनी सोडलेला सुटकेचा निःश्वास मला अजून ऐकू येतो. पण मला एका गोष्टीची टोचणी राहिली. ज्या वर्षी आम्ही रंग काढला, त्या वर्षीच हे केलं असतं तर कदाचित गॅलरीही वाचली असती. डाग दिसत होते. विचारण्याची साधनं होती. आम्ही विचारलं नाही, कारण उत्तर ऐकण्याची तयारी नव्हती. रंगानं उत्तर झाकता येत होतं.

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांनी एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांनी एकदा संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे. ती आपल्या इमारतीत झाली आहे का, अहवाल कुठं आहे, त्यात काय लिहिलंय, हे सभेत विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. गच्चीखाली तपकिरी डाग दिसला, सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली, तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअरला बोलवा. आणि त्यानं सांगितलेला आकडा कसा काढला, कुठं काढला, दुसऱ्या कोणत्या चाचणीनं ताडून पाहिला, हेही नम्रपणे विचारा. चांगला इंजिनिअर अशा प्रश्नानं रागावत नाही.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात 'रंगरंगोटी' असा एक खर्चाचा रकाना होता. गेल्या सर्वसाधारण सभेत मी सूचना मांडली की त्याच्या वर आणखी एक रकाना असावा, 'तपासणी' नावाचा, आणि त्यातले पैसे खर्च झाल्याशिवाय खालच्या रकान्याला हात लावू नये. थोडी कुरकुर झाली, पण सूचना मंजूर झाली. त्या ठरावाखालीही माझी सही आहे.

अभ्यासिकेतली मुलं आता आतल्या दालनात बसतात. तिथं वारा कमी येतो, अशी त्यांची तक्रार आहे. नव्या गॅलरीचं काम सुरू झालंय. या वेळी सळईवर आवरण किती ठेवताय, हे काँक्रीट ओतण्याआधी मी स्वतः पट्टी लावून पाहणार आहे.